कोकणकड्यावरचा वारा आणि गॅसचा स्टोव्ह

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याजवळ चहा टाकला होता. वीस मिनिटं झाली तरी पाण्याला आधण येईना. वाकून पाहिलं तर ज्योत भांड्याखाली नव्हतीच, आडवी पडून बाहेर पळत होती. गॅस संपला, रात्रीची खिचडी राहिली. तेव्हापासून स्टोव्ह घेताना मी वजनाआधी बर्नर बघते.

बर्नरचं तोंड रुंद, किंचित खोलगट आणि कडा वर आलेली हवी. दुकानातच त्यावर भांडं ठेवा आणि मधली फट बघा. ती जितकी कमी तितकं बरं, कारण वारा तिथूनच शिरतो. मोठ्या ज्योतीला भुलू नका, ती नुसता गॅस खाते.

दोघं-तिघं असाल तर नळीवाला स्टोव्ह घ्या. त्याचा गॅसचा डबा नळीमुळे बर्नरपासून लांब राहतो, म्हणून बर्नरभोवती पत्र्याचा आडोसा लावता येतो. डब्यावरच बसणाऱ्या स्टोव्हला असा वेढा कधीही घालू नका, डबा तापून फुटू शकतो. वाऱ्याच्या बाजूला दगड रचा, मधूनमधून डब्याला हात लावा. गरम लागला तर लगेच बंद करा. वारा कितीही असो, तंबूत पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

एकट्याला तळाशी धातूच्या पट्ट्यांची झालर असलेलं, बर्नरला घट्ट बसणारं भांडं उत्तम.

घेतल्यावर घरीच परीक्षा घ्या. डबा काट्यावर तोला, गच्चीत टेबलफॅनसमोर झाकण ठेवून अर्धा लिटर पाणी उकळा, पुन्हा तोला. किती ग्रॅम गेले ते डब्यावरच लिहून ठेवा.