सीआर४मधला हरवलेला बिट

माझ्या छोट्या ६४-बिट कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर एक चाचणी नापास व्हायची. एसएमईपी हे प्रोसेसरमधलं संरक्षण चालू असताना कर्नलने युजरच्या मेमरी पेजवरचा कोड चालवला, तर पेज फॉल्ट (प्रोसेसरने दिलेली मेमरीची चूक) यायलाच हवा. तो येतच नव्हता.

प्रत्येक कोअरचा सीआर४, म्हणजे अशा सुविधा बिटांनी चालू-बंद करणारा रजिस्टर, छापला. पहिल्यावर हेक्समध्ये १००६२०, बाकी तिन्हींवर नुसतं ६२०. २० क्रमांकाचा, म्हणजे एसएमईपीचा, बिटच गायब! तिथे एसएसई (एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना) सुरू करणारा कोड नंतर धावायचा आणि जुनी किंमत न वाचता थेट ६२० लिहून मोकळा व्हायचा. घातकच सवय ही.

असे आकडे शोधून सगळे काढले, बिटांना नावं दिली. आता सीआर४ला एकच फंक्शन हात लावतं: आधी वाचायचं, हवा तो बिट ऑर करायचा (बाकीचे तसेच ठेवून तेवढा १ करायचा), मग लिहायचं. चारही कोअर १००६२० दाखवतात. फॉल्टही येतो.