प्रवाळभित्तीत अडकलेले जाळे सोडवताना

जाळे प्रवाळात अडकले की ते यंत्राच्या जोरावर ओढून काढण्याचा मोह होतो, आणि त्या एका ओढीत अनेक वर्षांची वाढ मोडून पडते. भरीव, गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर किंवा त्याहूनही कमी वाढतात. फांद्यांचे प्रवाळ भराभर वाढत असले तरी तुटतातही तेच आधी. म्हणून जाळे घट्ट बसल्याचे जाणवताच ओढ थांबवावी, नौका अडकलेल्या जागेच्या बरोबर वर आणावी आणि जाळे सरळ वर, हळूहळू उचलून पाहावे.

तरीही ते सुटले नाही, तर दोराला बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) बांधून जागेची जीपीएस नोंद घ्यावी आणि प्रशिक्षित पाणबुड्यांना कळवावे. जाळे तिथेच सोडून देणे हा उपाय नव्हे, कारण नायलॉन कुजत नाही; ते लाटांबरोबर प्रवाळावर घासत राहते, ऊन अडवते आणि झालेल्या जखमांवर शैवाल माजते. आशिया-प्रशांत भागातील १५९ प्रवाळभित्तींच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्लास्टिकचा स्पर्श झालेल्या प्रवाळांना रोग असण्याची शक्यता ४ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेल्याचे आढळले.

पाण्याखाली जाळे ओढू नये, कापावे. मोकळ्या कडेपासून सुरुवात करून लहान तुकडे काढावेत, प्रत्येक फांदीभोवतीचा धागा वेगळा सोडवावा आणि शेवटचा धागा सुटल्याची खात्री झाल्यावरच तुकडा वर न्यावा. ज्या भागावर प्रवाळाने स्वतःची वाढ चढवली आहे, तो तिथेच राहू द्यावा; त्याला उपटण्यात जिवंत प्रवाळच तुटतो. हे काम एकट्याने कधीही करू नये, कारण जाळे माणसालाही गुरफटते.

मुळात अडकूच नये यासाठी तळाला टेकणारी जाळी प्रवाळापासून दूर ठेवावीत. नांगर वाळूतच टाकावा, आणि टाकताना साखळीचाही विचार करावा, कारण नौका वाऱ्याने फिरली की साखळी मोठा घेर झाडून काढते. नौका बांधण्यासाठी कायमचा बोया असेल तर नांगर टाकूच नये. सापळे वाळूवर ठेवावेत, वादळापूर्वी उचलावेत आणि त्यांचे एक दार सुती दोऱ्याने बांधावे, म्हणजे सापळा हरवला तरी दोरा कुजून आतील मासे सुटतील. प्रत्येक साधनावर मालकाची खूण असावी; जागतिक अन्न व कृषी संघटनेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सुचवतात. फाटलेले जाळे समुद्रात टाकण्यास जहाजांमुळे होणारे सागरी प्रदूषण रोखणाऱ्या ‘मारपोल’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार मनाई आहे, तेव्हा कापलेला प्रत्येक तुकडा मोजून किनाऱ्यावर आणावा.