रेस उतरत नाही तेव्हा

आयटीआयला मोटार मेकॅनिकची दोन वर्षं काढून मी साताऱ्यात एका गॅरेजवर हेल्पर लागलो. महिनाभरात कोरेगावचे एक काका जुनी पेट्रोल गाडी घेऊन आले. "पोवई नाक्यावर नुसती उभी केली तरी ओरडते रे. आणि ब्रेक दाबला की आवाज बदलतो." शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. तुम्ही करू नका.

आरपीएमचा काटा (इंजिनाचे मिनिटाला फेरे, आम्ही त्याला रेस म्हणतो) १५०० वर होता. इंजिन तापलेलं, एसी बंद, म्हणजे ७०० ते ९०० च्या आसपास हवा. (सकाळी गार इंजिनाची रेस चढलेली असते, तो बिघाड नव्हे. नवी पोरं हमखास तिथंच फसतात.)

मी थेट थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, स्टॉप स्क्रू पिळायला लागलो, तर मिस्त्रींनी हातावर फटका दिला. तो स्क्रू रेस कमी करायला नसतोच. इंजेक्शनच्या गाडीत आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीची रेस, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांभाळतो. केबलच्या थ्रॉटलवर, त्याची पाकळी मिटलेली असताना बाजूच्या वाटेनं किती हवा सोडायची ते आयडल व्हॉल्व्ह ठरवतो. नव्या गाड्यांत मोटर ती पाकळीच हलवते.

ॲक्सिलरेटरच्या केबलला खेळ होता, म्हणजे ती पाकळी ओढून धरत नव्हती. पाकळीवरचा कार्बन साफ केला, फरक शून्य. ईसीएमनं नोंदलेला बिघाडाचा कोड वाचायला स्कॅनर लावला. कोड पी०५०७. हा कोड एवढंच सांगतो की रेस जास्त आहे. ते तर काकांनीही सांगितलं होतं. पाण्याचं तापमान ८८ अंश, म्हणजे तो सेन्सर ठीक. तो बिघडून गार दाखवत असता, तर ईसीएमनं इंजिन थंड समजून रेस चढवली असती. आयडल व्हॉल्व्ह किती उघडलाय ते दाखवणाऱ्या स्टेप मात्र शून्य. मी म्हटलं, व्हॉल्व्ह मेला. मिस्त्री बाहेर गेलेले. नवा आणून बसवला. काटा पुन्हा १५००.

मिस्त्री आले, स्क्रीन बघितली. "अरे, शून्य म्हणजे त्यानं दार पुरतं लावून घेतलंय. तरी हवा येतेय. मग कुठनं येतेय?"

तेव्हा काकांचा ब्रेक आठवला. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला इनटेक मॅनिफोल्डमधून (थ्रॉटलच्या पुढच्या, सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांतून) व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, जातो. मिस्त्रींनी तो जाड पाइप कापड गुंडाळून पकडीनं हलकेच दाबला, आणि रेस सरसर ८५० वर उतरली. क्लॅम्पखाली, वरून दिसणार नाही अशा जागी रबर चिरलं होतं. ही गाडी मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल सोडणारी. चोरून आलेल्या हवेनंही दाब वाढतो, तेवढं पेट्रोल सुटतं, रेस चढते. थ्रॉटलच्या आधी हवा मोजणारा सेन्सर बसवलेल्या गाडीत अशी हवा मोजलीच जात नाही. तिथं मिश्रण पातळ होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) इंजिन थरथरतं, आणि बऱ्याचदा पातळ मिश्रणाचा कोड पी०१७१ येतो.

गळती शोधायला काहीजण कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी ते पेट घेतं. साबणाचं पाणी वापरा, किंवा मिळालं तर धुराचं मशीन.

पाइप किरकोळ पैशात आला. बसवल्यावर मिस्त्रींनी काकांना गाडीत बसवून चार वेळा ब्रेक दाबून बघायला लावला. काटा जागचा हलला नाही. जुना व्हॉल्व्ह परत गाडीत गेला. नवा मात्र दुकानदारानं परत घेतला नाही, इलेक्ट्रिकल माल एकदा लावला की घेत नाहीत. मिस्त्रींनी तो काकांच्या बिलात धरू दिला नाही. माझ्या पगारातून कापला.