सामानासह घाट ओलांडताना या चुका टाळा

घाटाच्या दिवसाची तयारी करताना बहुतेक सायकलस्वार चढाचाच विचार करतात आणि माथा गाठला की दिवस सर झाला असे धरून चालतात. उतारासाठी लागणारी ताकद, कोरडे कपडे आणि शाबूत ब्रेक यांची तजवीज मात्र पायथ्याशीच करावी लागते, आणि पुढच्या बहुतेक चुका या विसरातूनच होतात.

पहिली चूक वेळेच्या हिशेबाची आहे. सपाट रस्त्यावर तासाला २० किलोमीटर जाणारा माणूस २० किलोमीटरच्या घाटाला फार तर दोन तास धरतो. घाटाचा हिशेब चढाईच्या मीटरमध्ये करावा. सामान लादलेल्या सायकलवर साधारण तयारीचा स्वार तासाला ३०० ते ४०० मीटर उंची चढतो, म्हणजे १,२०० मीटरच्या चढाला विश्रांती सोडूनच तीन ते चार तास लागतात. हे न जाणता उशिरा निघालेल्याला उतार अंधारात उतरावा लागतो.

दुसरी चूक पहिल्या तासातली. पाय ताजे असतात, त्यामुळे वेग आपोआप वाढतो आणि अर्ध्या चढावर मांड्या भरून येतात. पेडल मारताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. ते जमत नसेल तर वेग जास्त आहे असे समजावे. भूक लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडे खावे, कारण एकदा अंगातले त्राण गेले की ते लवकर परत येत नाही.

गिअरच्या बाबतीत संकोच नको. पुढच्या दातेरी चक्राला २६ आणि मागच्याला ३४ दात असतील, तर पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारूनही वेग ताशी सहा किलोमीटरच्या आतच राहतो, आणि लादलेल्या सायकलला तीव्र चढावर तेवढाच लागतो. गिअर चढ सुरू होण्याआधी, पेडलवरचा जोर क्षणभर कमी करून बदलावा. सर्वांत हलक्या गिअरवर चेन आऱ्यांकडे घसरत असेल, तर मागच्या डिरेलरवरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेवरचा) ‘एल’ अक्षराचा स्क्रू थोडा आवळावा. मात्र डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जिथे अडकवलेला असतो तो धातूचा तुकडा, वाकलेला असल्यास स्क्रूने काम भागत नाही. तो आधी सरळ करून घ्यावा.

माथ्यावर पोहोचल्यावर घामाने पाठीला चिकटलेला शर्ट तसाच ठेवून उतार सुरू करणे ही चूक मला सर्वांत धोकादायक वाटते. दर १,००० मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यात उताराच्या वेगाचा वारा भर घालतो, आणि दहा मिनिटांत बोटे इतकी बधिर होतात की ब्रेक किती दाबला हेच कळत नाही. म्हणून अंग गरम आहे तोवरच, फोटो काढण्याआधी, कोरडा शर्ट, वारा अडवणारे जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे चढवावेत.

आता ब्रेक. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन १,००० मीटर खाली आले, तर सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्या ऊर्जेत २० अंशांचे तीन लिटर पाणी उकळी फुटण्याइतके तापते. सतत ब्रेक धरून सावकाश उतरणाऱ्याच्या बाबतीत यातली बरीचशी उष्णता रिममध्ये (चाकाच्या कड्यात) किंवा डिस्क ब्रेकच्या चकतीत, म्हणजे डिस्कमध्ये साठते. रिम फार तापली तर ट्यूब फुटू शकते, आणि हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकमधले द्रव उकळले तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत आत जातो तरी चाक थांबत नाही. रस्ता सरळ आणि मोकळा असेल तेव्हा झेपेल तितका वेग वाऱ्याच्या विरोधावर सोडावा, वळणापूर्वी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबावेत आणि लगेच सोडावेत. लिव्हर मऊ लागू लागला किंवा जळका वास आला तर थांबून ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतल्यास ती वाकू शकते.

सगळे सामान मागे लादले असेल तर वेगात हँडल थरथरू लागते. अशा वेळी ते घट्ट आवळून धरू नये. गुडघा फ्रेमच्या वरच्या नळीला टेकवावा, सीटवरचा भार किंचित उचलावा आणि हळूहळू वेग कमी करावा. थांबल्यावर जड पिशव्या पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितक्या खाली बांधाव्यात.