मुलांमधील स्नायूदुर्बलता: जनुकीय तपासणी कोणत्या क्रमाने करावी

उशिरा चालू लागलेला, जिना चढताना कठड्याचा आधार घेणारा आणि जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत उभा राहणारा मुलगा डॉक्टरांकडे नेल्यावर पहिली तपासणी जनुकांची नव्हे, तर रक्तातील सीपीकेची, म्हणजे स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमची करावी. ती स्वस्त असून बहुतेक लॅबमध्ये होते. डुशेन या मुख्यतः मुलग्यांना होणाऱ्या, स्नायू झिजवणाऱ्या जनुकीय आजारात सीपीके अनेकदा सामान्य पातळीच्या दहापट ते शंभरपट आढळते. एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी) या, मज्जारज्जूतील चेतापेशींच्या बिघाडाने स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजारात ते सहसा सामान्य किंवा किंचित वाढलेले असते. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीत पाहिली जाणारी एन्झाइम्स स्नायूंमध्येही असल्याने डुशेनमध्ये वाढतात, आणि सीपीके न पाहिल्यास यकृताच्याच तपासण्यांत महिने निघून जातात.

जनुकीय तपासणीसाठी सहसा ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या नळीत थोडे रक्त घेतात. त्यासोबतच्या अर्जात लक्षणे, सीपीकेचा आकडा आणि आईच्या माहेरच्या कुटुंबातील आजारी मुलग्यांची माहिती लिहून द्यावी, कारण त्याच माहितीच्या आधारे लॅब अहवालाचा अर्थ लावते.

खरा गोंधळ तपासणी निवडताना होतो. डुशेनच्या जनुकात 79 एक्सॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेले तुकडे असून बहुसंख्य रुग्णांमध्ये त्यांपैकी एक किंवा अनेक गळालेले वा दुप्पट झालेले असतात. म्हणून आधी एमएलपीए, म्हणजे एक्सॉनच्या प्रती मोजणारी तपासणी करावी. ती निर्दोष आली, तरी आजार नाही असे मुळीच समजू नये, कारण डीएनएतील एखाद्या अक्षराचा बदल तिला सहसा दिसत नाही आणि त्यासाठी संपूर्ण जनुकाचे सिक्वेन्सिंग (अक्षरन् अक्षर वाचन) करावे लागते. एसएमएची शंका असल्यास एसएमएन-1 या जनुकातील सातव्या एक्सॉनची तपासणी आणि त्याच्याशी मिळत्याजुळत्या एसएमएन-2 जनुकाच्या प्रतींची मोजणी मागावी. जवळजवळ सर्व जनुकांचे एक्सॉन एकदम वाचणारी महागडी एक्झोम तपासणी थेट करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. पण एसएमएन-1 आणि एसएमएन-2 ही जनुके जवळजवळ सारखी असल्याने साध्या एक्झोममध्ये एसएमए निसटू शकतो, आणि मायोटोनिक डिस्ट्रॉफी या दुसऱ्या स्नायूविकारातील डीएनएच्या छोट्या तुकड्याची वाढलेली पुनरावृत्तीही तिला बहुधा सापडत नाही. सीपीके वाढलेले असून डुशेन आढळला नाही, किंवा रुग्ण मुलगी असून चित्र अस्पष्ट असेल, तेव्हा मात्र स्नायूविकारांचे पॅनेल (त्यांच्याशी संबंधित अनेक जनुकांची एकत्र तपासणी) वा एक्झोम उपयोगी पडते.

अहवालातील ‘व्हीयूएस’ म्हणजे अर्थ न ठरलेला बदल. केवळ त्यावरून निदान पक्के करू नये, गर्भाविषयीचा निर्णय तर अजिबात घेऊ नये. आई-वडिलांचे नमुने तपासल्यास कधी कधी त्याचा उलगडा होतो. कोणते एक्सॉन गळाले आहेत, हे अहवालातून नेमके लिहून घ्यावे, कारण एक्सॉन-स्किपिंग प्रकारची (ठरावीक एक्सॉन वगळून प्रथिन बनवू देणारी) औषधे त्यावरच ठरतात.

मुलाचा दोष सापडल्यावर आईची तपासणी करावी. डुशेनच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत तो नव्यानेच उद्भवलेला असतो, आणि आईच्या रक्तात तो नसला तरी तिच्या काही बीजांडांत असू शकतो. त्यामुळे पुढच्या गर्भारपणात धोका शून्य मानू नये. गर्भाची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यानंतर वारेचा अंश घेऊन होते, तीही पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच. म्हणून जनुकीय समुपदेशकाची भेट गर्भधारणेपूर्वीच घ्यावी. बहिणीला लक्षणे नसतील, तर तिची वाहक-तपासणी (लक्षणे नसतानाही तिच्यात हा दोष आहे का ते पाहणे) ती स्वतः निर्णय घेण्याच्या वयाची होईपर्यंत थांबवणे योग्य. वाहक ठरल्यास तिच्या हृदयाची नियमित तपासणी करावी लागते.