जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना पार्टिशन अडलं तर हे बघा

इंदूरला रामबाग, सुदामा नगरकडे कितीतरी घरांत विंडोज 7 च्या काळातला लॅपटॉप कपाटावर धूळ खात पडलेला असतो, त्यावर लिनक्स मिंटचं (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) एक्सएफसीई हे हलकं रूप छान चालतं, पण लोक पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या, स्क्रीनवर अडकतात आणि वैतागून 'इरेज डिस्क' दाबून मोकळे होतात. प्लीज असं करू नका, घरातले फोटो जातात हो सगळे. आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या ड्राइव्हवर काढून घ्या.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालू करा, इन्स्टॉलर इतक्यात नको. 'डिस्क्स' अ‍ॅपमध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, बघा, पेंडिंग सेक्टरचा (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) आकडा वाढत असेल तर पार्टिशनशी झटापट करण्यात अर्थ नाही, डिस्कच जायला आलीये, सिल्व्हर मॉलला जाऊन छोटी एसएसडी घ्या.

डिस्क ठीक असेल तर जीपार्टेड हे पार्टिशनचं अ‍ॅप उघडा. सगळ्यात जास्त छळणारी भानगड ही, की विंडोजमधून सी ड्राइव्ह कमी करून 60 जीबी जागा मोकळी केली, आणि इन्स्टॉलर त्याच जागेपुढे 'अनयूजेबल' लिहितो. जागा खराब नसते. जुन्या डिस्कवर एमबीआर टेबल (पार्टिशनांची जुन्या पद्धतीची यादी) असतं, त्यात प्रायमरी पार्टिशन फक्त 4 बसतात, आणि कंपनीने ते चारही आधीच वापरलेले असतात: सिस्टिम, सी, रिकव्हरी आणि एक छोटंसं टूल्सचं. पाचवं कुठून आणणार? रिकव्हरीची डीव्हीडी बनवून ठेवा, मग ते रिकव्हरी पार्टिशन उडवा, मोकळ्या जागेत एक्स्टेंडेड (आत आणखी पार्टिशनं मावणारं) करा आणि त्याच्या आत लॉजिकल पार्टिशनं, एक लिनक्ससाठी ईएक्सटी4 आणि रॅम 2 जीबी असेल तर 2-4 जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा). लिनक्स लॉजिकलवरून मजेत बूट होतं. पण हेच काम विंडोजमध्ये करायला गेलात आणि त्याने 'डायनॅमिक डिस्क' करू का विचारलं तर सरळ नाही म्हणा, नंतर फार निस्तरावं लागतं.

पार्टिशनसमोर किल्लीचं चिन्ह दिसलं की ते वापरात आहे, राइट क्लिक करून अनमाउंट किंवा स्वॅपऑफ करा. विंडोज 8 किंवा 10 असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करून पूर्ण शटडाउन करा, नाहीतर एनटीएफएसला (विंडोजच्या पार्टिशनला) हात लावता येत नाही. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्क जोडणीचा प्रकार, रेडवर (RAID) आहे का बघा, एएचसीआय हवा, पण विंडोज ठेवायचं असेल तर ते नुसतं बदलू नका, विंडोज बूटच होणार नाही.

आणि जुन्या बायोसवर तुम्ही अख्खी डिस्क जीपीटी (एमबीआरच्या जागी आलेली नवी पद्धत) केली असेल तर ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, शेवटी एरर देतो, त्याला 1 एमबीचं फॉरमॅट न केलेलं पार्टिशन द्या आणि त्यावर बायोस ग्रब फ्लॅग लावा. बूटलोडर कुठे टाकायचा ते निवडताना डिस्कची साइज वाचूनच निवडा, कधीकधी पेनड्राइव्हच एसडीए (यादीतली पहिली डिस्क) म्हणून वर बसलेला असतो.