सुपरनेट काढताय? आधी सुरुवातीचा आकडा बघा

आयपी पत्त्यांच्या सबनेटिंगमध्ये /२६ म्हटलं की मास्क २५५.२५५.२५५.१९२, ब्लॉक ६४चा, होस्ट ६२, एवढं तुम्हाला येतं असं धरतो. येत नसेल तर आधी ते पक्कं करा.

सुपरनेट म्हणजे लागोपाठची नेटवर्क एकाच मोठ्या ब्लॉकमध्ये गुंडाळणं. त्याला नुसतं पाठांतर दगा देतं. नाशिकला कॉलेज रोडच्या क्लासमध्ये आम्हाला शिकवलेलं, चार नेटवर्क म्हणजे दोन बिट मागे, /२४चा /२२. सर झकास होते, पण शॉर्टकट अर्धाच दिला. सातपूरला इंटरव्ह्यूत समोर आलं: १९२.१६८.१.० ते १९२.१६८.४.०, चारही /२४, समरी (सगळ्यांचा मिळून रूट) सांगा. घाम फुटला.

नीट बघा. /२२चा मास्क २५५.२५५.२५२.०. २५६ वजा २५२ म्हणजे ४. म्हणून तिसऱ्या ऑक्टेटमध्ये ब्लॉक चारच्या पाढ्यानेच सुरू होतो: ०, ४, ८, १२. एकपासून सुरू होणारा /२२ नसतोच! १, २, ३ हे ० ते ३च्या ब्लॉकमधले, ४ पुढच्या. बायनरीत १ म्हणजे ०००००००१, ४ म्हणजे ०००००१००. डावीकडून पाचच बिट जुळतात. आधीचे १६ धरून /२१. पण १९२.१६८.०.०/२१ घेतला की ०, ५, ६, ७ हे परकेही आत आले. नेमकं उत्तर तीन रूटचं: १.०/२४, २.०/२३, ४.०/२४.

परके आले तर काय बिघडतं? समजा ६.० अंबडच्या ब्रँचकडे आहे. तिचा /२४ चालू आहे तोवर काहीच नाही, राउटर लांब प्रीफिक्सलाच मानतो, म्हणजे /२१पेक्षा /२४ला. तिची लाइन पडली की आपल्या /२१मुळे तिचा ट्रॅफिक आपल्या दारात. आपला डिफॉल्ट रूट (दुसरा कुठलाच जुळला नाही तर वापरायचा) वरच्याच राउटरकडे असेल तर टीटीएल (दर राउटरला एकने घटणारा पॅकेटचा आकडा) संपेपर्यंत पॅकेटची टोलवाटोलवी. म्हणून समरीसोबत नल-झिरो रूट टाकतात, असं पॅकेट तिथेच फेकून देणारा. हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही.

सबनेट कॅल्क्युलेटर नोकरी लागल्यावर खुशाल वापरा, शिकताना नको. घाबरायचंही कारण नाही. १९९३ साली सीआयडीआर (/२२सारख्या प्रीफिक्सने पत्ते वाटायची पद्धत) आलं त्यामागे राउटिंग टेबल फुगू नये हाही हेतू होता, गणित तेवढंच आहे.

आता कागदावर १७२.१६.१२.० ते १७२.१६.१७.० सोडवा, सहाही /२४. १२.०/२२ आणि १६.०/२३, असे दोनच रूट यायला हवेत. एकच आला असेल तर पुन्हा पाढा म्हणा.